मग तो काय खाईल?

साहेबाने बरणी टेबलावर ठेवली.
आत फड्या निवडुंगाचं एक पान,
पानावर कापूस चिकटल्यासारखे पांढरे ठिपके.
"हा किडा," तो स्वाहिलीत म्हणाला.
मी आईला मासाईत सांगितलं.

आई बसल्या जागेवरूनच म्हणाली,
"हे सगळं संपल्यावर
मग तो काय खाईल?"

साहेब हसला. उपाशी मरेल.
दुसरं काही त्याच्या तोंडाला लागत नाही.
"निवडुंग आणणाराही असंच गोड बोलला असेल,"
आई म्हणाली, "कुंपणाला बरा, म्हणे."

खरं तर घाई तिलाच हवी.
आमच्या एकोणसाठ शेळ्यांतल्या अकरा आंधळ्या,
फळं खाऊन हिरड्यांत बारीक कुसळं,
आणि काळी पाठ तर चरायचं सोडून
दिवसभर दगडाला तोंड घासत उभी.

नूनकिपा उठली. ती ती फळं सोलून
नान्युकीच्या रस्त्यावर विकते.
"पोराची फी याच काट्यांतून निघते," म्हणाली.
कुणालाच उत्तर सुचलं नाही.
साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं, मग खोडलं.

"बरणी इथेच ठेव," आई म्हणाली.

आमच्या झोपडीत मग किड्यांचा पाहुणचार:
कोरफड, कोवळा मका, घेवड्याचा वेल,
शेळ्या हावरटासारख्या ओरबाडतात ती डहाळी.
रोज सकाळी ती बोट लावून बघायची,
मी शाळेच्या वहीत लिहायचे: मेले. मेले. दोन जिवंत. मेले.
साहेब दोनदा आला, दोनदा परत गेला.
तिने पुन्हा पहिल्यापासून मांडलं, आणि परत एकदा.
"भूक एकदा खोटं बोलेल," म्हणाली, "तीनदा नाही."

अंगठ्याच्या वेळी शाईचा डबा वाळलेला.
आईने पानावरचा एक किडा चिरडला,
आणि तिचं नाव होतं तिथे
लालभडक अंगठा उमटवला.

आता दोन पावसाळे झाले.
खालच्या ओढ्याकाठचा निवडुंग बसलाय,
ओल्या गोणपाटासारखा.
वरचा अजून तसाच.

नूनकिपाच्या रांगेवरही पांढरं दिसू लागलंय.
वाऱ्याला कुठे कुंपण घालता येतं?
आईने तिच्या दारात दोन शेळ्या बांधल्या,
डोळस, गाभण.
तिने ठेवून घेतल्या.
बोलत मात्र नाही.