कपाटातली मटकी

मटकी मी घरूनच नेली.
हलमध्ये ती मिळत नाही,
लीड्सहून आणावी लागते, दोन किलोंची पिशवी.
वर्गात पहिलाच प्रश्न आला,
"मिस टेंबी, हे हॅम्स्टरचं खाणं आहे का?"

टेंब्यांची टेंबी झाले त्याला अकरा वर्षं झाली.
मी दुरुस्त करत नाही.

दह्याचे रिकामे कप, ओला टिश्यू,
कपागणिक पाच दाणे.
एक रांग खिडकीत, एक रांग कपाटात,
जिथे रंगाचे ब्रश असतात
आणि कुणाचा तरी एकटा हातमोजा.
"आता अंदाज करा," म्हटलं.
अंदाज चुकला तरी चालतो
हे सहा वर्षांच्या माणसाला पटवायला
एक अख्खं सत्र जातं.
सगळे म्हणाले, अंधारातलं मरणार.
मेसी म्हणाली, मरताना बघायचं असेल
तर आईची सही लागेल.

मग नोव्हेंबर.
हंबर नदीवरचं धुकं शाळेच्या कुंपणापर्यंत यायचं,
साडेतीनला पालक यायचे
तेव्हा दिवे लागलेले.
खिडकीतल्या कपांची मी
मनातल्या मनात माफी मागायची.

दहाव्या दिवशी कपाट उघडलं.
नेमके त्याच दिवशी मिस्टर होलरॉइड
मागच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी,
मांडीवर टॅबलेट, त्यात रकाना:
आजचे उद्दिष्ट. रोपाला उजेड लागतो.

कपाटातली मटकी उंच.
खिडकीतलीच्या जवळजवळ दुप्पट.

ठोकळे लावून मोजलं. सात. चार.
पुन्हा मोजलं, कारण टोबायसचा
दुसऱ्याच्या मोजण्यावर विश्वास नाही.
सात. चार.
"म्हणजे अंधार चांगला," डेक्लन म्हणाला
आणि वर्कशीटवरच्या वाक्यापुढे
इतक्या जोरात फुली मारली
की पेन्सिलीचं टोक मोडलं.

उत्तर माझ्या जिभेवर होतं.
गिळलं. चटका बसला.
"सात चारपेक्षा जास्तच," म्हटलं,
"अजून काय दिसतं?"

पांढरं आहे.
शेवयांसारखं.
आजारी आहे.
माझे आजोबापण उंच आणि पांढरे आहेत, ते आजारी नाहीत.
मिस, ते पडतंय.

हेझीन सप्टेंबरात आली,
अजून शब्द पुरवून पुरवून वापरते.
ती अर्धी कपाटात शिरली
आणि एका देठाच्या कडेनं, न शिवता,
बोट नेत राहिली
वर, मग वाकडं, मग आडवंच,
थेट दाराच्या त्या फटीपर्यंत
जिच्यासाठी मी तीन अर्ज केलेत.
"खिडकी," ती म्हणाली.
तेवढंच.

सगळे देठ तिकडेच कलले होते.
एकोणतीस मुलं ती फट बघायला रांगेत लागली,
ढकलाढकली, एक रडणं,
कुणीतरी डोळाच लावला फटीला,
"खरंच मिस, इथून आपला वर्ग दिसतो!"
होलरॉइड उठले. गुडघे वाजले.
रांगेच्या शेवटी उभे राहिले.

डेक्लननं फुली खोडली नाही.
"जिंकलं तेच," तो म्हणाला,
"पण पळून पळून दमलंय."
मी त्याला टोक केलेली पेन्सिल दिली.
फुलीच्या शेजारी त्यानं एक लांब, वाकडी रेघ काढली
आणि रेघेच्या टोकाशी
छोटंसं दार.

संध्याकाळी शेरा आला:
उद्दिष्ट अंशतः साध्य.

घरी उरलेली मटकी फडक्यात बांधलेली होती,
उसळीसाठी.
कांदा चिरून झाला, तेल तापत ठेवलं,
पुरचुंडी सोडली
आणि तिथेच उभी राहून
एकेक मोड बघत बसले.
फडक्यात कुठेच फट नव्हती.
दोघांचं तोंड एका दिशेला नव्हतं.
इतकी वर्षं उसळ करतेय,
हे कधी पाहिलंच नव्हतं.

तेल धुरावलं. गॅस बंद केला.
मूठभर उद्यासाठी
बाजूला काढली.