मीन

पहिल्याच तासाला फुर्तादो सर फळ्याकडे वळून म्हणाले, "मीन"
आणि मी वहीच्या कोपऱ्यात मासा काढला.
ज्युवेना हसली. तिला मासा दिसला, विनोद नाही.
ती पहिलीपासून इंग्रजीतली,
मी बेतूलच्या मराठी शाळेतली,
तिथे मीन ही बारावी रास, नाहीतर पाण्यातला जीव.
इथे कुंकळ्ळीला मीन म्हणजे
सगळ्यांची बेरीज भागिले सगळे.

चाचणीत पंचवीसपैकी नऊ.
वर्गाचा मीन सोळा पूर्णांक चार.
मी मधल्यापासून किती लांब पडले
ते काढायचं सूत्र त्याच पेपरात होतं,
आणि तेवढंच मला आलं नव्हतं.

मग प्रकल्प. कसलीही शंभर मापं आणा.
कुणी बुटांचे नंबर आणले,
ज्युवेनाने असोळण्याच्या पुलावर उभं राहून
दर स्कूटरवर किती माणसं ते मोजलं
(एकीवर पाच, आणि एक कोंबडा, तो धरायचा का?)
मी पहाटे कुटबणच्या जेटीवर,
सुकांती मावशीच्या पाटीपुढे उकिडवी,
हातात आईची ब्लाउजांची टेप.

"बांगड्यांक कपडे शिवतलें गो?"
मावशीने विचारलं, आणि सगळी जेटी हसली.

तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत.
एकोणीस. वीस. साडेअठरा. वीस.
बर्फाने बोटं बधिर, आकडे ओले.
दहाएक झाल्यावर मावशीने माझा हात धरला.
"वयले घेवं नाका. व्हडले हांवें वयर दवरल्यात, गिरायकांक."
आणि कोपरापर्यंत हात खुपसून तळातले वर काढले.
यादृच्छिक नमुना हा धडा
सरांनी त्यानंतर तीन आठवड्यांनी घेतला.

शंभरावा एक्केचाळीस भरला.
मी दोनदा मोजला. लिहिला.

आलेखात डावीकडे छान टेकडी,
आणि पार उजवीकडे एकच काठी,
साळ नदीच्या तोंडाशी रोवलेल्या खुंटासारखी.
प्रमाण विचलन दोन पूर्णांक चार.
सरांनी काठीभोवती लाल गोल केला: "हा कोण?"

मला शंभराला नव्याण्णवने का भागायचं तेच कळत नव्हतं.
सर म्हणाले, मीन एकदा ठरला ना,
की नव्याण्णव जण हवे तिथे उड्या मारू देत,
शेवटच्याला मोकळीक नाही,
त्याने उरलेला हिशेब पुरा करायचा.
मला त्याची दया आली.
घरात धाकटी आहे मी, शेवटच्याचं मला माहीत आहे.

"काढून टाकू, सर?"
"वेगळा दिसतो म्हणून नाही काढायचा.
का वेगळा, ते आधी विचारून ये."

मोबाईलमधला फोटो मावशीला दाखवला.
तिने चष्मासुद्धा लावला नाही.
"हो बांगडो न्हय गो. इसवणाचें पील.
जाळ्यांत चुकून आयलां."

तर मासे नव्याण्णव. भागायचं अठ्ठ्याण्णवने.
मीन वीस पूर्णांक तीनवरून वीस पूर्णांक एक, फारसा हलला नाही,
विचलन मात्र निम्मं झालं, एक पूर्णांक दोन.
खाली तळटीप लिहिली:
एक मासा दुसऱ्या जातीचा, म्हणून वगळला.
ओळख: सुकांती पागी, कुटबण.
सरांनी तिच्या नावाखाली रेघ मारली, बरोबरची खूण केली,
आणि माझं स्पेलिंग दुरुस्त केलं.

दुसऱ्या चाचणीत चौदा.
तोवर वर्गाचा मीनही अठरावर गेलेला.

परवा मावशीला म्हटलं,
त्याच दिवशी का नाही सांगितलंस?
इतका वेळ मी त्याला बांगडा समजून गुणत होते, भागत होते.
ती खवल्यांचे हात पदराला पुसत म्हणाली,
तू विचारलं कुठे, तू मापत होतीस.
आणि ते पील तिने त्याच सकाळी,
मी वहीत एक्केचाळीस लिहीत असताना,
माझ्या डोक्यावरून हात लांबवून
एका गिऱ्हाइकाला विकलं होतं.
इसवणाच्या भावाने.