वारं गाळताना

चैत्राच्या पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गुलाल उधळला
आणि इकडे राजारामपुरीत, आमच्या गच्चीवर,
हवा ओढणाऱ्या पंपातला पांढरा कागद
दुपारपर्यंत गुलाबी.
मी वैतागले. मला गुलाल नको होता,
घाटापलीकडचं पाणी हवं होतं.

तिकडे लाटेवर एक बुडबुडा फुटतो,
हरभऱ्याएवढासुद्धा नाही,
फुटताना वर फेकतो
मीठ, शेवाळाचा चिकटा, दोन-चार जिवाणू,
आणि कितीतरी असे, ज्यांना जीव म्हणावं की नाही
यावर आम्ही अजून चहा पितो.
थेंब वाळतो. उरलेल्या मिठाला धरून
ते गगनबावड्याचा घाट चढतात,
एस.टी.च्या आधी,
तिकीट नाही, बोचकं नाही.
काही धुक्यासोबत करूळलाच उतरतात.
बारीक कणाला लटकलेला विषाणू मात्र
वरच राहतो, दिवसेंदिवस,
एखाद्या परक्या समुद्रात पडेपर्यंत.

खालच्या खोलीत कुबल मावशी.
देवगडची माहेरवाशीण,
बावीस वर्षं लक्ष्मीपुरीत सुकट विकतात,
बोलणं अस्सल इथलं:
"काय करालीस गं वर? वारं गाळालीस व्हय?"
व्हय मावशी.

आठवड्यानं बश्यांत ठिपके उठले.
साध्या बशीत पांढरे, पिवळे, नेहमीचे:
उसाचे मळे, गटारी, म्हशींचे गोठे.
मिठाच्या बशीत एकच.
केशरी, मोहरीएवढा.
तो मी दुसऱ्या बशीत सायीसारखा पसरला,
वर वाऱ्याचं गाळलेलं पाणी शिंपडलं,
तर सकाळी त्या केशरी सायीत
टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं.
विषाणू दिसत नाही.
तो जेवून उठलेली जागा दिसते.

मावशींना दाखवलं.
पदराला हात पुसून त्यांनी बशी उजेडात धरली.
"ह्ये समुद्रातलं?"
असावं. किंवा तुमच्या टोपलीतलं. खात्री नाही.
त्या हसल्या नाहीत.
झाकणावर माझं बोट होतं, ते त्यांनी बाजूला केलं,
वास घेतात की काय असं वाटलं,
पण तोंड जवळ नेऊन त्या फक्त म्हणाल्या,
बावीस वर्षांचं कोल्हापुरी गळून पडलेल्या आवाजात,
"इलंस?"

माझ्याशी नव्हतं ते.

मग बशी परत देत:
"झाकण नीट लाव. माशी बसंल."