चार पिना

माझ्या दुकानात काचेमागं काय काय गेलं, सांगू?
सुभेदारांची पदकं, तीन बोटं खोल पेटीत.
हवा काढून अर्धा चेपवलेला फुटबॉल.
मुतग्याच्या पैलवानाचा लंगोट, लाल मातीसकट.
झटकायचा नाही, नातवानं बजावलेलं.
नाही झटकला.
खरं दर पावसाळ्यात चिमूटभर माती
खालच्या पट्टीवर उतरते म्हणतो,
आणि माझ्याकडं असं बघतो
जणू आजोबा गळूलालेत ते माझ्या हातून.

मागल्या मंगळवारी गर्लगुंजीच्या लगमव्वा बिर्जे आल्या.
पिशवीत कोथिंबीर, कोथिंबिरीखाली डबा,
डब्यात जुन्या पोलक्याची घडी, घडीत
वीतभर मांजरपाट:
२१७.
आकड्याखाली पुसट शिक्का, म्हैसूर,
राज्याचं नाव बदलायच्या आधीचा.
चार कोपऱ्यांना चार पिना.

"आठशे मीटर. बेंगळूरला. चौथी आले."

चौथीला काय मिळतं, मावशी?

"हेच की. हेबी परत मागत होते."

लग्नानंतर ट्रंकेच्या तळाला.
सासूनं विचारलं तर, तांदळाच्या पिशवीचा तुकडा.

मी भिंग लावलं.
तीन पिनांना गंज, सुतात तांबूस कडी उमटलेली.
म्हटलं, या काढूया. गंज कापड खातो.
भोकं तशीच ठेवतो,
मागून रेशमाचे बारीक टाके घालतो,
गोंदाचा थेंब लावणार नाही,
काच कापडाला टेकू देणार नाही,
आणखी पन्नास वर्षं बघायला नको.

"काय बोलूलालास तू? पिनांसाठीच तर आणलंय."

मग चौथी पिन दाखवली.
पितळी, जाडसर, बाकीच्यांत न शोभणारी.
गंज नाही तिला.

सरांनी तीनच दिल्या होत्या.
ही आईची. मंगळसूत्राला अडकवलेली असायची,
निघताना पहाटे काढून दिली, बोलली काही नाही.
चड्डी भावाची होती, ढगळ,
तिला कमरेशी चुणी घालून ही टोचलेली.
आणि रेषेवर उभं राहिल्यावर एक माणूस आला,
नंबर फडफडतोय म्हणाला, बाद करीन.

"मग?"

"मग काय. कमरेची काढली, छातीला लावली.
डावा हात चड्डीला.
दोन फेऱ्या एका हातानं पळाले."

दुकानात चहा आला होता. तो तसाच राहिला.
मी विचारलं, तिसरी किती पुढं होती?
त्यांनी काउंटरवर हात उभा ठेवला,
कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत.

पाटी लावू का खाली?
(कुठल्या भाषेत, हे आमच्याकडं
जरा हळू आवाजात विचारावं लागतं.)
"चौथीला कुठली रे पाटी."

चार दिवस लागले.
गंजलेल्या पिनांखाली पातळ फिल्मचे तुकडे सरकवले,
नखाएवढे, दिसू नयेत असे.
पाणसळ लावून नंबर बसवला, केसभर इकडं तिकडं नाही.
शनिवारी त्या आल्या, लांबून बघितलं, जवळून बघितलं.

"वाकडं कर."

काय?

"हात खाली होता की डावा. खांदा उतरला होता.
एवढं." आणि बोटानं काचेवर रेघ ओढली.

सगळे टाके उसवले. पुन्हा घातले.
मेहनतीचे जादा पैसे घेतले नाहीत,
खरं मनातल्या मनात मोजले.

स्वैपाकघरात लावलीय, गॅसच्या वर.
तेल बसेल, वाफ धरेल, मी सांगितलं होतं.
परवा त्या वाटेनं गेलो म्हणून डोकावलो.
नात कबड्डीहून आलेली, गुडघा फुटलेला,
भाकरीची वाट बघत उभी होती.
म्हणाली, घरात येईल तो
आधी ही फ्रेम सरळ करायला जातो.
नंबर सरळ दिसेपर्यंत ढकलतो
आणि फ्रेम वाकडी करून ठेवतो.
आज्जी रोज रात्री, दिवा मालवायच्या आधी,
डाव्या हातानं
परत बरोबर करते.