गिरमिट आणि वही

सकाळी सहाला एव्हर्ट समुद्रावर उतरतो.
हातात गिरमिट, खिशात मोडकी फूटपट्टी,
मागे कुत्री, जरा अंतर राखून.
पन्नास पावलं, भोक. पन्नास पावलं, भोक.
काळं पाणी वर येतं, दम खातं, थांबतं.
एकेचाळीस. अडतीस. चाळीस.
आकडे वहीत जातात, मग फोन वेधशाळेत, मुलीला:
"इंकेरी, उद्या?"
"उद्या उणे अकरा. परवा उणे नऊ.
गुरुवारी दक्षिणेचा वारा.
त्यापुढचं विचारू नका, बाबा."

तो विचारत नाही. देवदाराच्या फांद्या
दुतर्फा रोवत बेटापर्यंत जातो,
आणि त्या दोन हिरव्या रांगांमधून
शाळेची गाडी, टपाल, एकदा तर एक पियानो
समुद्र ओलांडून जातो.

मी त्यांच्या माडीवरची भाडेकरू.
माझ्या भाषेत हवामान हा एकच शब्द,
उद्यालाही तोच, शतकालाही तोच.
यांच्याकडे दोन आहेत: सा, आणि इल्मास्तो.
पहिला शब्द दाराशी टोपी झटकतो.
दुसरा कधी आत आला
ते घरातल्या कुणालाच आठवत नाही.

शनिवारी सौनात शेजारचा ताइस्तो
सगळ्यात वरच्या बाकावर बसून कडाडला:
"दहा दिवसांनी नातीचं बारसं,
त्या दिवशी रस्ता उघडा की बंद, ते हिला सांगता येत नाही,
आणि पन्नास वर्षांनी इथे बर्फ नसेल
हे मात्र छातीठोक!"
इंकेरीने भट्टीचं दार उघडलं.
"काका, पुढची ठिणगी कुठल्या ओंडक्यातून उडेल?"
"मला काय ठाऊक!"
"मलाही नाही."
तिने एक लाकूड घातलं. थोड्या वेळाने आणखी एक.
मग आणखी एक.
कुणी काही बोललं नाही.
ताइस्तो गुपचूप खालच्या बाकावर उतरला.

पण फेब्रुवारीत पारा उणे एकतीसला गेला तेव्हा
पहिला फोन त्याचाच.
"कुठे गेली तुमची ती गरमी?"
"आज थंडी आहेच, काका. कान झाका."

कपाटात एव्हर्टच्या बापाच्या वह्या आहेत,
त्याच्याही बापाच्या, माशाच्या तेलाचे डाग पडलेल्या.
रस्ता कधी उघडला, कधी मिटला, बस एवढंच.
एका साली नाताळच्या आधी,
पुढच्या साली फेब्रुवारी उजाडेपर्यंत नाही,
त्याच्या पुढच्या साली पुन्हा लवकर.
कुठलंच पान खोटं बोलत नाही,
एकटं पान काही सांगतही नाही.
इंकेरीने हिवाळाभर ते सगळं उतरवून काढलं
आणि एका रात्री टेबलावर कागद पसरला:
करवतीच्या दातांसारखी रेष,
वर, खाली, वर, खाली,
आणि तरी उतरणीला लागलेली.

एव्हर्टने चष्मा पुसला.
"यात मी कुठे?"
तिने बोट ठेवलं. शेवटची चाळीस वर्षं,
जिथे उतार सगळ्यात तीव्र.
तो बराच वेळ बघत राहिला.
"मी नीट मोजलं होतं," म्हणाला.
"हो, बाबा."
"एकदाही पट्टी तिरकी धरली नाही."
"म्हणून तर दिसलं."

गुरुवारचा दक्षिणेचा वारा शुक्रवारी आला.
फांद्या एक दिवस आधीच उपटल्या म्हणून
तो मुलीवर चिडला, जेवला नाही.

मार्चमध्ये पुलाची माणसं आली.
रस्त्याचा भरवसा उरला नाही, असं नगरपालिकेचं मत,
आता खांब उभारायचे,
त्याआधी समुद्राचा तळ तपासायचा,
त्यासाठी तीन टनांचं यंत्र खोल पाण्यावर न्यायचं.
त्यांच्यातला एक तरुण, नवे कोरे बूट,
एव्हर्टला विचारत होता:
"बर्फ धरेल ना?"

त्याने गिरमिट खांद्यावरून उतरवलं.
पन्नास पावलं. भोक.
फूटपट्टी सरळ, अगदी सरळ धरली.
"उद्या दुपारपर्यंत," म्हणाला,
आणि त्यांच्या यंत्रासाठी
फांद्या रोवायला निघाला.