अर्धा किलो, वर चिमूटभर

गणपती पेठेत, हळदीच्या वखारीवर
दुसऱ्या मजल्यावर ते टेबल.
जिना चढेपर्यंत नाक पिवळं होतं.

दस्तगीर मुजावर, क्लबचा मार्कर,
जुने क्यू विकायला काढून बसलाय.
अकरा. त्या पुराच्या सालातले.
पाणी इतकं वर आलं नव्हतं,
ओल आली होती.

"वजन किती पाहिजे? अठरा औंस? एकोणीस?"
मला औंस कळत नाही.
बावीस वर्षं यार्डात तोलार आहे.
आडवा घेतला तळहातावर, डोळे मिटले.
अर्धा किलो, वर चिमूटभर.
त्यानं खालून वखारीचा काटा आणवला:
पाचशे दहा.
काही बोलला नाही. पुढचा दिला.

हा पुढं जड, खांद्यावरून पोतं सरकावं तसा.
ह्याची टीप चपटी.
हा देखणा, पितळी जोड, ताजं वार्निश,
हातात घेतला तर कुणाचाच नाही.

मग टेबलावर लोळवायचे.
"बघू नको, ऐक," दस्तगीर म्हणाला.
त्याचा भाऊ मिरजेत तंबोरे करतो,
कान घरातलाच.
वाकडा क्यू लोळताना बोलतो.
टक टक टक, हिरव्या कापडावर.
सरळ असतो तो गप्प जातो.

एकच गप्प गेला.
मी त्याच्या शेजारचा उचलला,
फेऱ्याला एकदाच टक् करणारा.

"अरे, हा बोलतो."
बोलू दे.
यार्डातला कुठला काटा बोलत नाही?
किती बोलतो ते ठाऊक असलं
की तोलता येतं.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
मग उजेडात धरून लाकडातल्या रेषा दाखवल्या,
एकात एक शिरलेले बाण.
"हा बाण कायम वर ठेव.
म्हणजे वाक खाली राहतो,
डावीउजवीकडं जात नाही."

आता भाव.
मी सवयीनं रुमाल पसरला,
त्याचा हात खाली ओढून घेतला.
त्याला ही भाषा येत नाही.
तीन बोटं दाबली, मग दोन, मग हसायला लागला,
सहाशे म्हणायचं होतं की नऊशे,
त्यालाच कळेना.

रुमाल काढला.
माझ्या बोटांची हळद, त्याच्या बोटांचा निळा खडू,
दोघांचे हात टेबलाच्या रंगाचे.

भाव ठरायचा होता अजून.