स्वल्प

मालूच्या उजव्या मनगटाला प्लास्टर. सहा आठवडे.
डॉक्टरांनी आधी कन्नडमध्ये सांगितलं, मग मराठीत,
मग माझ्याकडे बघून नुसतेच हसले.

पहिल्या दिवशी खानावळीतनं आणलं.
दुसऱ्या दिवशी वहिनीचा डबा, अनगोळहून.
तिसऱ्या दिवशी मालू म्हणाली,
उद्यमबागेत भट्टी चालवतासा न्हवं?
मग ही एवढीशी शेगडी काय खातीया तुम्हांस्नी?

एकतीस वर्षं मी वाळूचे साचे ठोकले.
लोखंड पाण्यासारखं वाहताना
रंगावरनं सांगायचो, आत्ता ओता, आत्ता नको.
आणि आज परातीपुढे मांडी घालून बसलोय,
जोंधळ्याचं पीठ माझ्याकडे बघतंय
आणि मी पिठाकडे.

पाणी किती?
मालूनं तोंड उघडायच्या आत
खिडकीपलीकडनं निंगव्वा म्हणाली, स्वल्प.
स्वल्प म्हणजे किती, निंगव्वा?
स्वल्प अंद्र स्वल्प री.

दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर, कुठली खाली
ह्यात अर्धं आयुष्य गेलं आमच्या गल्लीचं.
हा शब्द तेवढा दोन्ही ओळींत बसतो,
आणि माप त्याला दोन्हीकडे नाही.

पहिली भाकरी उचलतानाच हातात फाटली.
दुसरी तव्यावर गेली, पण तिला चीर पडली,
कडेकडनं आत, कास्टिंगला पडते तशी.
हे मला कळतं.
ओल कमी, नाहीतर घाई.
मोडून पाहिली मधे. रिजेक्ट, म्हणालो.
कुत्र्याला घाला, मालू म्हणाली.
कुत्र्यानं वास घेतला,
आणि निंगव्वाच्या दाराशी जाऊन बसला.

भाताला कुकरच्या तीन शिट्ट्या मोजायच्या होत्या.
दोन झाल्यावर कारखान्याचा भोंगा झाला,
तोही मी मोजला.
येळ्ळूरचा बासमती, वासाला असा सुरेख
आणि दाताखाली कचकच.
मालू डाव्या हातानं कालवून निमूट जेवली.
ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री बसू आठवला.
खानापूरकडचा पोरगा, माझ्या हाताखाली आलेला.
मिस्त्री, वाळूत पाणी किती घालू?
मी मूठ दाबून दाखवायचो,
उघडली की बोटांचे ठसे राहिले पाहिजेत,
मोडली की कड धरली पाहिजे.
खरं किती, मिस्त्री? बादलीला किती?
हाताला कळतं रे, मी खेकसायचो,
मी काय आईच्या पोटातनं शिकून आलो?
त्याच्याकडे एक वही होती, निळ्या पुठ्ठ्याची.
एकदा हिसकून वाळूत फेकली मी ती.
सगळे हसले. तोही हसला.
दिवाळीला गावी गेला तो परत आला नाही.
हाताला कळतं म्हणायचो मी.
कुणाच्या हाताला, ते बोललो नव्हतो.

परवा वही आणली, वीस रुपयांची.
मालू डाव्या हातानं परातीत आधण ओतत होती,
तिला थांबवून वाटीनं मोजलं.
लिहिलं: पीठ दोन वाट्या.
स्वल्प म्हणजे सव्वा वाटी, वर दोन चमचे.
निंगव्वाला खिडकीतनं वाचून दाखवलं.
तिनं पदरानं तोंड पुसलं आणि विचारलं,
नव्या जोंधळ्याला?
आणि जात्यावरचं पीठ असलं तर?

पान तसंच ठेवलंय, खाली जागा सोडून.

काल एक भाकरी फुगली.
सगळी नाही, एका बाजूनं,
गाल सुजल्यासारखी.
मी मालूला हाक मारली, ती येईपर्यंत बसली खाली.
फुगल्ती, मी म्हणालो.
असंल, मालू म्हणाली.

प्लास्टर बुधवारी निघणार.
सुटलासा आता, ती म्हणते.
मी तव्यावर पाण्याचा थेंब टाकला.
थेंब उभ्या जागी नाचला, गेला नाही.
जरा थांबायला हवं होतं की नको,
वहीत नव्हतं.
मी पीठ थापायला घेतलं.